मानवी जीनोममध्ये नैसर्गिक निवडीचा माग: कोणत्या क्रमाने काढायचा आणि कुठे चुकतं

सातारा, कऱ्हाड, सांगली, मिरज इथे जैवतंत्रज्ञान किंवा प्राणिशास्त्राची एम.एस्सी. करणाऱ्यांना हा विषय प्रकल्पासाठी चांगला आहे. प्रयोगशाळेचा खर्च नाही, जगभरातल्या हजारो माणसांचे जीनोम फुकट उतरवता येतात आणि १६ जीबी रॅमचा लॅपटॉप पुरतो. तरीही असे बरेच प्रकल्प एकाच जागी फसतात. फाइल उतरवायची, प्रोग्रॅम चालवायचा, सर्वात मोठे आकडे आलेली जनुकं वेगळी काढायची आणि मग त्यांना शोभेल अशी कहाणी रचायची. आकडे खरे असतात, पण निष्कर्ष उभा राहत नाही.

निवड झालेली नसतानाही जीनोममध्ये ठळक खुणा उमटतात. लोकसंख्या आटली, समूह आपसातच लग्नं करत राहिला, एखाद्या पट्ट्यात पुनर्संयोजन (आईवडिलांकडून आलेल्या गुणसूत्रांतल्या तुकड्यांची अदलाबदल) कमी झालं, तर निवडीसारख्याच दिसणाऱ्या खुणा तयार होतात. म्हणून आधी पार्श्वभूमी आणि नंतर संकेत. पुढच्या पायऱ्यांचा क्रम त्यासाठीच आहे, तो बदलू नका.

पायरी १: प्रश्न आणि काळ ठरवा

प्रत्येक पद्धत वेगवेगळ्या काळातली निवड पकडते. लांब हॅप्लोटाइपवर (एकत्रच वारशाने आलेल्या डीएनएच्या तुकड्यावर) आधारलेल्या पद्धती, म्हणजे आयएचएस (एकाच समूहातली तुलना) आणि एक्सपी-ईएचएच (दोन समूहांतली तुलना), साधारण गेल्या ३०,००० वर्षांतली निवड दाखवतात. त्याहून जुना लांब तुकडा पुनर्संयोजनाने तुटून गेलेला असतो. दोन समूहांतल्या अ‍ॅलीलांच्या (एकाच जागेच्या डीएनएच्या वेगवेगळ्या रूपांच्या) वारंवारतेचा फरक मोजणाऱ्या एफएसटी आणि पीबीएस या पद्धती ५० ते ७५ हजार वर्षांपर्यंत मागे जातात. एखाद्या भागातली विविधता आटल्याची खूण, जी ताजिमाच्या डी सारख्या मापाने दिसते, सुमारे अडीच लाख वर्षांपर्यंत टिकू शकते. माणूस आणि चिंपांझी वेगळे झाले त्या काळातली निवड यांपैकी कशानेच सापडणार नाही.

प्रश्न आपल्या मुलखातून सुचला तर उत्तमच, पण तो आधी तपासून घ्या. 'महाबळेश्वरच्या लोकांत उंचीशी जुळवून घेणारी जनुकं' हा विषय चालणार नाही. महाबळेश्वर सुमारे १,३५० मीटरवर आहे. तिबेटी लोकांत ईपीएएस१ या जनुकावर जी निवड दिसते, ती ४,००० मीटरच्या आसपास पिढ्यान्‌पिढ्या राहिल्यामुळे. महाबळेश्वरची हवा तेवढी विरळ नाही. 'माण, आटपाडी, जत भागात पूर्वापार मेंढपाळी, म्हणजे दूध पचवण्याच्या जनुकावर निवड झालीच असणार' हे तर तपासण्याआधीच दिलेलं उत्तर झालं. त्याऐवजी असं विचारा: 'दूध पचवण्याशी निगडित असलेला ज्ञात अ‍ॅलील दक्षिण आशियातल्या पाच नमुना-समूहांत किती आढळतो आणि त्याच्या भोवतीचा हॅप्लोटाइप तेवढ्याच वारंवारतेच्या इतर अ‍ॅलीलांपेक्षा लांब आहे का?' याचं उत्तर 'नाही' असंही येऊ शकतं, म्हणून हा प्रश्न घेण्यासारखा आहे.

*तपासा:* कोणता निकाल आला तर तुमचं गृहीतक चूक ठरेल, हे एका वाक्यात लिहिता येतं का? येत नसेल तर पुढे जाऊ नका.

पायरी २: माहितीसाठा निवडा आणि त्याच्या मर्यादा लिहून ठेवा

सुरुवातीला १००० जीनोम्स प्रकल्पाचा तिसरा टप्पा घ्या. त्यात २६ समूहांतली २,५०४ माणसं आहेत, पैकी दक्षिण आशियाई ४८९. त्यांचे समूह पाच: ह्यूस्टनमधले गुजराती, लाहोरमधले पंजाबी, बांगलादेशातले बंगाली, ब्रिटनमधले तेलुगू आणि ब्रिटनमधले श्रीलंकन तमिळ. मराठी भाषकांचा स्वतंत्र समूह यात नाही. त्यामुळे अहवालाच्या शीर्षकात 'पश्चिम महाराष्ट्र' लिहायला काहीही आधार उरत नाही. गुजराती आणि तेलुगू यांच्या मधे मराठी माणूस बसवून टाकू नका. जातींतला जनुकीय फरक नकाशावरच्या अंतराने ठरत नाही.

भारतातले नमुने हवे असतील तर जीनोम इंडिया प्रकल्पाने १०,००० जीनोम वाचले आहेत. तो साठा फरीदाबादच्या भारतीय जैविक माहिती केंद्रात आहे. त्यासाठी रीतसर अर्ज लागतो आणि वेळही जातो, म्हणून वर्षभराच्या प्रकल्पात सगळी भिस्त त्यावर ठेवू नका.

स्वतः नमुने गोळा करायचे असतील तर लाळेची पहिली नळी हातात घेण्याआधी संस्थेच्या नीतिमत्ता समितीची मंजुरी हवी. आयसीएमआरची (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची) २०१७ची मार्गदर्शक तत्त्वं वाचा. संमतिपत्र मराठीत हवं, आणि माहिती पुढे कुणाला दिली जाईल हे त्यात स्पष्ट हवं. 'ओळखीच्या गावातून पन्नास जण मिळतील' हा मोह टाळा. एका गावातून पन्नास जण घेतले की बहुतेकदा एकच भावकी हाती लागते. तो पन्नास माणसांचा नमुना राहत नाही, चार-पाच कुटुंबांचा होतो.

पायरी ३: साफसफाई

प्रकल्पाचा सर्वाधिक वेळ इथे जातो आणि तो जायलाच हवा.

*आवृत्ती.* तिसऱ्या टप्प्याच्या मूळ फाइली जीआरसीएच३७ या संदर्भ-जीनोमवर (बाकीचे ज्याच्याशी ताडले जातात त्या प्रमाण जीनोमवर) आहेत, नंतरच्या ३० पट खोलीच्या (प्रत्येक जागा सरासरी ३० वेळा वाचलेल्या) फाइली जीआरसीएच३८ वर. दूध पचवण्याशी निगडित आरएस४९८८२३५ हे स्थान पहिल्या आवृत्तीत दुसऱ्या गुणसूत्रावर १३,६६,०८,६४६ या क्रमांकावर आहे आणि दुसऱ्या आवृत्तीत १३,५८,५१,०७६ वर. फरक साडेसात लाख बेसांहून (डीएनएच्या अक्षरांहून) जास्त. जनुकांची यादी एका आवृत्तीची आणि जीनोम दुसऱ्या आवृत्तीचा असेल तर प्रोग्रॅम तक्रार करत नाही, निमूटपणे शेजारच्याच जनुकाचं नाव देतो.

*नातेवाईक.* ३० पट खोलीच्या साठ्यात ३,२०२ माणसं आहेत. त्यांतली ६९८ नंतर जोडलेली आहेत आणि ती आधीच्यांची आई, वडील किंवा मुलं आहेत. सगळी फाइल तशीच वापरली तर एकच हॅप्लोटाइप दोनदा मोजला जातो. नातं मोजणारा प्रोग्रॅम चालवून दुसऱ्या पातळीपर्यंतचे नातेवाईक काढा.

*अवघड जागा.* सहाव्या गुणसूत्रावरचा एचएलए (रोगप्रतिकाराची जनुकं असलेला) भाग, सेंट्रोमिअरच्या लगतचे पट्टे आणि आठव्या व सतराव्या गुणसूत्रावरचे मोठे उलटे तुकडे वेगळे काढा. एचएलएमध्ये खरी निवड आहे, पण तिथलं वाचनही सर्वात बेभरवशाचं असतं. हे भाग फेकू नका, त्यांचा तक्ता वेगळा ठेवा. प्रकल्पाने स्वतः दिलेला 'स्ट्रिक्ट मास्क' लावून ज्या जागी वाचन खात्रीचं नाही त्या गाळा.

*गाळण्या.* तीन चुका इथे वारंवार होतात. प्लिंक या प्रोग्रॅममध्ये पीसीए (माणसांतला जनुकीय फरक चित्रात मांडणारी पद्धत) करण्यासाठी एकमेकांशी बांधलेली, म्हणजे सोबतच वारशाने येणारी स्थानं छाटावी लागतात. अनेक जण हीच छाटलेली फाइल आयएचएसला देतात. आयएचएस शेजारच्या स्थानांच्या बांधिलकीवरच उभा आहे. ती छाटली की मोजायला काही उरतच नाही. दोन्ही फाइली वेगळ्या फोल्डरमध्ये, वेगळ्या नावांनी ठेवा. दुसरी चूक: दुर्मीळ अ‍ॅलील गाळून ताजिमाचा डी काढणं. तो दुर्मीळ अ‍ॅलीलांच्या प्रमाणावरच चालतो. ते गाळले की डी सगळीकडे धन येतो आणि 'संतुलित निवड (एकाहून जास्त अ‍ॅलील टिकवून ठेवणारी) सापडली' असं वाटू लागतं. तिसरी चूक म्हणजे हार्डी-वाइनबर्गची (अ‍ॅलीलांच्या वारंवारतेवरून अपेक्षित जोड्या दिसतात का, हे पाहणारी) कडक चाळणी. पाच समूह एकत्र असताना ती लावली तर ज्या स्थानांवर समूहांत खरा फरक आहे तीच आधी बाद होतात. प्रत्येक समूहात वेगळी आणि सैल चाळणी लावा.

*सावध:* अ‍ॅरेवर (ठरावीक स्थानंच वाचणाऱ्या चिपवर) मोजलेली माहिती या कामासाठी संपूर्ण जीनोमच्या बरोबरीची नाही. अ‍ॅरेवरची स्थानं आधीच निवडून घेतलेली असतात. तिच्यावर ताजिमाचा डी अजिबात काढू नका.

पायरी ४: पूर्वज अ‍ॅलील आणि जनुकीय नकाशा जोडा

व्हीसीएफ फाइलमधला (जीनोममधल्या फरकांची यादी असलेल्या फाइलमधला) 'संदर्भ' अ‍ॅलील म्हणजे पूर्वज, म्हणजे मूळचा जुना अ‍ॅलील नव्हे. संदर्भ-जीनोम काही थोड्या माणसांच्या डीएनएवरून बनला आहे. त्यात अनेक जागी नवा अ‍ॅलीलच बसलेला आहे. आयएचएस काढणारा सेलस्कॅन हा प्रोग्रॅम मात्र शून्य म्हणजे जुना आणि एक म्हणजे नवा असं धरून चालतो. तुम्ही अदलाबदल केली नाही तर आयएचएसचं चिन्ह निरर्थक होतं.

तिसऱ्या टप्प्याच्या फाइलींत पूर्वज अ‍ॅलील दिलेला आहे: मोठं अक्षर म्हणजे खात्री, लहान अक्षर म्हणजे शंका. फक्त मोठ्या अक्षराची स्थानं ठेवा. काही टक्के स्थानं जातील, ती जाऊ द्या.

इथेच डीएनएच्या दोन धाग्यांचा गोंधळही होतो. लॅक्टेजवरच्या (दुधातली साखर पचवणाऱ्या विकरावरच्या) लेखांत '-१३९१०, सी चा टी' असं वाचाल. ते लॅक्टेज जनुकाच्या दिशेने लिहिलेलं आहे, आणि हे जनुक उलट्या धाग्यावर आहे. फाइलमध्ये तेच स्थान जी आणि ए असं दिसेल. दूध पचवण्याशी निगडित अ‍ॅलील म्हणजे फाइलमधला ए. फाइलमध्ये टी शोधत बसाल तर तो भारतात कुणाकडेच नाही असा निष्कर्ष निघेल.

जनुकीय नकाशा (कुठे किती पुनर्संयोजन होतं ते दाखवणारा) त्याच आवृत्तीचा घ्या. जिथे पुनर्संयोजन कमी, तिथे लांब हॅप्लोटाइप आपोआप दिसतात. नकाशा न जोडता बेसांमध्ये अंतर मोजलं तर पहिल्या पानावर असेच पट्टे येतील. एनएसएल हे आयएचएससारखं माप या बाबतीत थोडं सोशिक आहे, म्हणून तेही सोबत काढून ठेवा.

पायरी ५: पार्श्वभूमी समजून घ्या

आपल्या भागासाठी सर्वात महत्त्वाची पायरी हीच, आणि बहुतेक प्रकल्पांत नेमकी हीच नसते.

दक्षिण आशियातल्या समूहांचा इतिहास दोन टप्प्यांचा आहे. सुमारे ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वीच्या काळात मोठी सरमिसळ झाली, आणि नंतर जातीच्या आतच लग्नं करण्याची घट्ट रीत आली. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात दक्षिण आशियातले २६० हून अधिक समूह तपासले गेले. त्यांतल्या ८१ समूहांत संस्थापक-परिणाम फिनलंडच्या किंवा अश्केनाझी ज्यू लोकांपेक्षा तीव्र निघाला. म्हणजे मोजक्या पूर्वजांपासून वाढलेले समूह. अशा समूहात एखादा लांब हॅप्लोटाइप निव्वळ योगायोगाने ३० किंवा ४० टक्क्यांवर पोचू शकतो, निवडीचा काडीचाही संबंध नसताना.

त्यात दक्षिण महाराष्ट्रात मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत अनेक समाजांत आहे. अशा कुटुंबांतल्या माणसांच्या जीनोममध्ये आईकडून आणि वडिलांकडून आलेला तुकडा लांबवर एकसारखा असतो. हे तुकडे मोजून घ्या. प्रत्येक माणसात १५ लाख बेसांहून लांब असे एकरूप पट्टे किती, ते प्लिंकने काढा. ज्यांची बेरीज समूहाच्या मानाने फार मोठी आहे त्यांना वेगळं काढून गणित पुन्हा करा. संकेत तसाच राहिला तर विश्वास वाढतो. एक-दोन माणसं काढल्यावर विरघळला तर तो त्या माणसांच्या घराण्याचा होता.

पीसीए इथेच करा, समूह मिसळण्याआधी. एका नावाखालचा समूह चित्रात दोन गठ्ठ्यांत पडला, तर त्याला एक समूह म्हणून वापरू नका. ह्यूस्टनच्या गुजरातींमध्ये हे डोळ्यांना दिसतं.

पुढे एमएसप्राइमसारख्या प्रोग्रॅमने निवड नसलेले कृत्रिम जीनोम बनवा. संस्थापकांची संख्या नेमकी माहीत नसते, म्हणून सौम्य, मध्यम आणि तीव्र असे तीन प्रकार घ्या. पुढे आलेला प्रत्येक ठळक आकडा या तिन्हींशी ताडून पाहायचा. युरोपच्या इतिहासावर बेतलेलं तयार प्रारूप तेलुगू किंवा गुजराती नमुन्याला जसंच्या तसं लावू नका.

पायरी ६: आधी ज्ञात उदाहरण, मग तुमचा समूह

नवीन काही शोधण्याआधी जे सापडायलाच हवं ते सापडतं का, हे पाहा.

१. उत्तर व पश्चिम युरोपीय वंशाचा नमुना घ्या आणि दुसऱ्या गुणसूत्रावर आयएचएस काढा. लॅक्टेजच्या भागात मोठं शिखर दिसायलाच हवं. तिथला हॅप्लोटाइप १० लाख बेसांहून लांब पसरलेला आहे. शिखर नसेल तर तिसऱ्या किंवा चौथ्या पायरीत चूक आहे.

२. त्याच नमुन्यात पंधराव्या गुणसूत्रावरचं एसएलसी२४ए५ पाहा. त्वचेच्या रंगाशी निगडित आरएस१४२६६५४ चा नवा अ‍ॅलील युरोपात जवळजवळ सगळ्यांकडे आहे, म्हणून तिथे आयएचएस काढताच येत नाही. पाच टक्क्यांहून दुर्मीळ बाजू असलेली स्थानं प्रोग्रॅम सोडून देतो. 'आयएचएसमध्ये आलं नाही म्हणजे निवड नाही' असं लिहू नका. हेच स्थान पश्चिम आफ्रिकेतल्या योरुबा नमुन्याशी एक्सपी-ईएचएचने तुलना केल्यावर उठून दिसतं.

३. पूर्व आशियाई नमुन्यात ईडीएआर जनुक पीबीएसने तपासा. पीबीएसला तीन समूह लागतात: तुमचा, त्याच्या जवळचा आणि दोघांपासून दूरचा. प्रत्येक जोडीची एफएसटी काढा, ती एकातून वजा करून ऋण लॉग घ्या. तुमच्या समूहाच्या दोन जोड्यांची बेरीज करा, तिसरी जोडी वजा करा आणि दोनने भागा. उत्तर कधी ऋण येईल, त्याने घाबरू नका. ईपीएएस१ची निवड २०१० साली याच मापाने दाखवली गेली. त्यातल्या एका स्थानावर तिबेटी आणि हान चिनी यांच्यात ७८ टक्क्यांचा फरक होता.

हे तिन्ही जमलं की तुमचा समूह घ्या. पहिली तालीम बाविसाव्या गुणसूत्रावर करा, फाइल लहान आहे.

*सावध, प्रमाणीकरण:* कच्चा आयएचएस वापरायचा नसतो. सारख्या वारंवारतेच्या स्थानांच्या सरासरीशी त्याचं प्रमाणीकरण करावं लागतं. हे बावीसही गुणसूत्रांच्या फाइली एकत्र देऊन करा. प्रत्येक गुणसूत्राचं वेगळं केलंत तर दुसऱ्या गुणसूत्रावरच्या खऱ्या संकेताची तुलना त्याच गुणसूत्राशी होते आणि सगळ्या गुणसूत्रांवर सारखीच शिखरं उगवतात.

*सावध, चिन्ह:* मूळ २००६च्या व्याख्येत ऋण आयएचएस म्हणजे नवा अ‍ॅलील लांब हॅप्लोटाइपवर. सेलस्कॅनमध्ये भागाकार उलटा आहे, तिथे धन म्हणजे नवा अ‍ॅलील. अहवालात कोणती व्याख्या वापरली ते लिहा.

*तपासा:* एकट्या स्थानाच्या आकड्यावर विसंबू नका. एक लाख बेसांच्या खिडक्या पाडा आणि प्रत्येकीत दोनहून मोठा निरपेक्ष आयएचएस असलेल्या स्थानांचं प्रमाण काढा. दहापेक्षा कमी स्थानं असलेली खिडकी बाद. उरलेल्या खिडक्यांची तुलना सारखी स्थानसंख्या असलेल्या खिडक्यांशीच करा.

पायरी ७: यादी वाचताना

वरची एक टक्का ठिकाणं म्हणजे निवडीचा पुरावा नव्हे. वर्ग कितीही कच्चा असला तरी पहिला नंबर कुणाचा तरी येतोच. तुमच्या यादीतला आकडा पाचव्या पायरीतल्या निवडरहित जीनोममध्ये किती वेळा येतो, हे विचारा. तीव्र संस्थापक-परिणामाच्या प्रकारात तो सहज येत असेल तर ते नाव यादीतून काढा, मग ते जनुक कितीही आकर्षक असो.

जनुकांच्या गटांची चाचणी करताना लांब जनुकांकडे विशेष लक्ष द्या. मेंदूत काम करणारी अनेक जनुकं फार लांब असतात, त्यांच्यावर जास्त खिडक्या पडतात आणि केवळ त्यामुळे 'मेंदूवर निवड' असा निकाल येतो. वासाच्या ग्राहकांची जनुकं एकमेकांना खेटून असतात, तिथे एकाच संकेताची दहा नावं होतात. लांबी आणि शेजार यांचा हिशेब ठेवणारी चाचणीच वापरा.

उंची, वजन, बुद्ध्यांक अशा शेकडो स्थानांनी ठरणाऱ्या गुणांवर निवड शोधायला निघू नका, निदान पहिल्या प्रकल्पात तरी नाही. युरोपात उंचीवर निवड झाल्याचा पुरावा अनेक वर्षं भक्कम मानला जात होता. २०१९ साली दोन स्वतंत्र गटांनी यूके बायोबँक या ब्रिटनमधल्या मोठ्या माहितीसाठ्यातल्या एकजिनसी नमुन्यावर तो पुन्हा तपासला, तेव्हा बराचसा संकेत मावळला. मूळ अभ्यासात समूहांतला बारीक फरक पुरता काढला गेला नव्हता. लाखो नमुने आणि अनुभवी माणसं असूनही हे घडलं.

पुरावा किती भक्कम असावा, हे सिकलसेलकडे पाहून ठरवा. आरएस३३४ या स्थानावरचा बदल महाराष्ट्रात विदर्भातल्या आणि नंदुरबारच्या आदिवासी समाजांत आढळतो. भारतातला त्याचा हॅप्लोटाइप आफ्रिकेतल्या प्रकारांहून वेगळा आहे, त्याला अरब-भारतीय म्हणतात. इथे निवड मान्य होते ती हॅप्लोटाइपच्या लांबीवरून नव्हे. प्रथिन कसं बदलतं ते माहीत आहे, एकच प्रत असलेल्या माणसाला गंभीर मलेरियापासून संरक्षण मिळतं हे रुग्णांत दिसलं आहे, आणि अ‍ॅलीलचा पसारा मलेरियाच्या पट्ट्यांशी जुळतो. तुमच्या यादीतल्या जनुकाबाबत यांतलं काय हाती आहे ते लिहा. काहीच नसेल तर त्याला 'उमेदवार ठिकाण' म्हणा, त्यापुढे जाऊ नका.

पायरी ८: अहवाल

'या समाजात अमुक जनुकावर निवड झाली आहे' असं लिहू नका. 'या नमुन्यात या पट्ट्यातला हॅप्लोटाइप, आम्ही तपासलेल्या तीनपैकी दोन निवडरहित प्रारूपांत अपेक्षित असलेल्यापेक्षा लांब आहे' असं लिहा. जातीचं नाव आणि एखादा गुण एका वाक्यात जोडताना दहादा विचार करा. असं वाक्य परीक्षकांपुरतं राहत नाही. ते व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतं आणि ज्या लोकांनी विश्वासाने लाळ दिली त्यांच्याच विरुद्ध वापरलं जातं.

निवड सापडली नाही तर तेही तेवढ्याच तपशिलाने लिहा. २०० हॅप्लोटाइपमध्ये सौम्य निवड दिसण्याची शक्यता किती, हे कृत्रिम जीनोममध्ये निवड घालून काढता येतं. तो आकडा दिला की 'सापडलं नाही' या उत्तरालाही वजन येतं.

सोबत जोडा: संदर्भ-जीनोमची आवृत्ती, प्रत्येक प्रोग्रॅमची आवृत्ती, प्रत्येक गाळणीनंतर उरलेल्या स्थानांची आणि माणसांची संख्या, ज्ञात उदाहरणांची तीन चित्रं आणि सगळ्या खिडक्यांचा पूर्ण तक्ता. फक्त वरच्या वीस खिडक्या दिल्या तर उरलेल्यांत काय होतं हे परीक्षकाला तपासता येत नाही.